पाचवी हजेरी

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट रात्रीची नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. इथं त्यातलं काही मिळणार नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. मे महिन्यात, डोक्यावर ऊन रणरणत असताना, जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याच्या एका मळ्यात.

साल १९९४.

ज्याच्या बाबतीत झालं तो गिरिधर माझा सख्खा आत्तेभाऊ. इंजिनिअर माणूस. आरतीला उभा राहिला तरी घड्याळ बघणारा. त्याला असल्या गोष्टी रचून सांगायची हौस असती, तर लग्नाच्या पंगतीत त्याने त्या कधीच सांगितल्या असत्या. उलट हे त्याच्या तोंडून काढायला मला कितीतरी वर्षं लागली. त्याने सांगितलं तसं देतो. पदरचं काही घालत नाही.

गिरिधरचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पुण्याची चांगली नोकरी सोडून त्याने जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या वर खोली घेतली होती. दिवसभर तिथं काय करतो ते घरात कुणाला कळायचं नाही. कुणी विचारलं की आत्या सांगायची, "रेडिओ दुरुस्त करतो." मग गिरिधर पाय आपटत बाहेर निघून जायचा.

रेडिओ नव्हते ते. कॉम्प्युटरची बोर्डं होती.

त्या काळी एकटा कॉम्प्युटर फार हळू चालायचा. मोठं गणित सोडवायचं तर चार-आठ प्रोसेसर एकत्र जुंपायचे आणि प्रत्येकाने आपापला वाटा ओढायचा. पण जुंपायचं म्हणजे त्यांना एकमेकांशी बोलता यायला हवं. तेही प्रचंड वेगाने, एका बारीक वायरीतून. हे बोलणं घडवून आणणारी बोर्डं गिरिधर बनवायचा.

नियम साधा होता. एकाने एक आकडा पाठवायचा. दुसऱ्याने 'मिळाला' अशी पोच द्यायची. पोच आली की हिरवा दिवा लुकलुकायचा आणि मगच पुढचा आकडा जायचा. पोच आली नाही, तर सगळं जागच्या जागी थांबायचं.

आणि गिरिधरचं सगळं थांबलेलंच होतं.

कारण जालना. गावाबाहेर लोखंडाच्या मिल. तिकडे भट्टी पेटली की इकडे मस्तगडला बल्ब मान टाकायचा. बोर्डं चांगली चालता चालता मध्येच गप्प. दिवे बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा गप्प. गिरिधरने वायरी बदलल्या, वायरींना चपातीला गुंडाळतात तसली चांदी गुंडाळली, सगळी बोर्डं उकलून पुन्हा कथिलाचे डाग दिले. काही उपयोग नाही. शेवटी त्याने एक स्क्रू-ड्रायव्हर खिडकीतून भिरकावला. तो खालच्या कापडवाल्याच्या गादीवर पडला आणि त्यावरून भांडण झालं ते वेगळंच.

चिडण्याला कारण होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेला अशी बोर्डं हवी होती. तिथल्या शरयू मॅडम सोमवारी तपासायला येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बोर्डं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली पाहिजेत, एकही चूक न होता. चालली तर काम गिरिधरचं. नाही चालली तर ते बंगलोरला जाणार, आणि गिरिधरने खोलीला कुलूप लावायचं. वडिलांनी एका बियाणं कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनपासून टायपिंग करत बसायचं.

"त्यापेक्षा मी विहिरीत उडी टाकीन," असं तो म्हणायचा. गंमत म्हणून नाही.

तेव्हा बद्रीनाथ मदतीला आला. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. जालन्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, गाव केदारखेडा.

"अबे, इथं बसून काय डोकं फोडून राह्यला?" बद्रीनाथ म्हणाला. "आमच्या मळ्यात चल. ह्या हप्त्यात शेतीची लाइन दिवसा हाये. ना मिल, ना भट्टी. बिलकुल साफ लाइन."

गिरिधरने पुण्याला फोन केला. शरयू मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, "शेतात तर शेतात. बोर्डं चालली म्हणजे झालं."

शनिवारी सकाळी दोघं सामान घेऊन मळ्यात पोचले. बद्रीनाथचे आईवडील, दुर्गाबाई आणि रामराव, धावड्याला नात्यातल्या लग्नाला गेले होते. मळ्यात एक दगडी खोली होती. कापूस विकून झाला होता म्हणून ती रिकामीच होती. तिथं टेबल मांडलं. कॉम्प्युटर ठेवला. चार बोर्डं जोडली.

लाइन आली.

दिवे लुकलुकले… आणि विझले.

गिरिधरने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप उलटला.

"अर्थिंगच नाही तुझ्या खोलीला!" तो बद्रीनाथवर ओरडला. "आधी सांगायचं नाही का?"

"त्यात काय? आत्ता करून देतो," बद्रीनाथ म्हणाला.

अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा करायचा, त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि पट्टीपासून एक जाड तार यंत्रापर्यंत आणायची. पण जमीन ओली पाहिजे. आणि मे महिन्यातली काळी जमीन… हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या.

एकच जागा ओली होती. बांधावर, एका सीताफळाच्या झाडाखाली.

"माय रोज तिथं पाणी घालती," बद्रीनाथ म्हणाला. "झाडाला जीव लावती लई."

दोघांनी खणायला घेतलं. माती मऊ लागली. गुडघाभर गेल्यावर खाली पांढरं काहीतरी दिसलं. बारीक खडे. काळ्या रानात चुनखडी लागतेच, गिरिधरने लक्ष दिलं नाही. बद्रीनाथने मात्र चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. वायरमनची सवय, दुसरं काय.

तो थांबला.

"गिरिधर… हे मीठ हाये."

"बरं झालं. आपलं वाचलं."

दोघंही हसले. पट्टी उभी केली, कोळसा टाकला, खड्डा बुजवला. तार ओढून खोलीत आणली आणि कॉम्प्युटरच्या स्क्रूला आवळली.

यावेळी दिवे विझले नाहीत.

एक मिनिट. दहा मिनिटं. चारही बोर्डांचे हिरवे दिवे अखंड चालू. गिरिधरने बद्रीनाथला मिठीच मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला असेल.

मग त्याने हजेरी घेतली.

हजेरी हा त्यानेच लिहिलेला प्रोग्रॅम. तो प्रत्येक वायरीतून जायचा, पलीकडे कोण आहे ते विचारायचा, आणि जितक्यांनी पोच दिली तितका आकडा पडद्यावर दाखवायचा. शरयू मॅडम सगळ्यात आधी हेच बघणार होत्या. बोर्डं चार, तर आकडा चार.

पडद्यावर आलं… पाच.

"चूक झाली," गिरिधर पुटपुटला आणि पुन्हा घेतली.

पाच.

पुन्हा घेतली. पाच. प्रोग्रॅम ओळ न ओळ तपासला. एक चूक सापडेना. बटणं बडवत पुन्हा चालवला. पाच.

त्याने एक बोर्ड काढून बाजूला ठेवलं.

चार.

दुसरं काढलं. तीन. तिसरं काढलं. दोन. त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्याने चौथंही उपटलं. आता कॉम्प्युटरमधून निघालेली वायर टेबलावरून नुसती खाली लोंबत होती. तिच्या दुसऱ्या टोकाला काही म्हणजे काही नव्हतं.

हजेरी घेतली.

कॉम्प्युटरवर एक जास्तीचा हिरवा दिवा होता, एरवी बंदच असायचा. तो लुकलुकला…

एक.

बद्रीनाथ दोन पावलं मागं सरकला. "गिरिधर… बंद कर."

"अरे, नॉइज आहे हा, वायरीतली खरखर! भूत नाही!"

"मंग ते ऐक."

"काय ऐकू?"

"पाणी."

खोलीबाहेर मोटार चालू होती. तिची घरघर स्पष्ट ऐकू येत होती. पण पाटातून पाणी वाहत होतं त्याचा आवाज… नव्हता. होल्यांचं घुमणं नव्हतं. झाडाला बांधलेल्या शेरडाच्या गळ्यातली घंटाही नव्हती. फक्त मोटार. गिरिधर दारात जाऊन बघून आला. पाणी नेहमीसारखं वाहत होतं.

आवाज नव्हता.

आणि टेबलाखाली, मातीच्या जमिनीवर, कुणीतरी हात आपटावा तसं…

थप… थप…

"पाल असेल," गिरिधर म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत बसला. तुम्ही-आम्ही पळालो असतो. पण चिडलेल्या माणसाला भीती वाटायला सवड नसते. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सोमवारी मॅडमना चारऐवजी पाच दिसले, की संपलं.

त्याने त्या लोंबत्या वायरीतून एक आकडा पाठवला. तीन.

परत आला तीन.

आठ पाठवला. परत आला आठ.

"बघ!" तो बद्रीनाथला म्हणाला. "प्रतिध्वनी आहे. आपलंच आपल्याकडे परत येतंय." खरी बोर्डं आकड्यांची बेरीज करून उत्तर द्यायची. हा जो कोण जास्तीचा होता, तो फक्त जे पाठवाल तेच परत म्हणायचा. पाच म्हटलं की पाच. नऊ म्हटलं की नऊ. गिरिधरला बरं वाटलं. प्रतिध्वनी म्हणजे वायरीचा दोष. दोष काढता येतो.

त्याने मनात सहा धरला. बोट बटणाकडे नेलं.

बटण दाबायच्या आधीच पडद्यावर आलं…

सहा.

बद्रीनाथ ते बघायला थांबला नाही. तो लाइन जाईपर्यंत बांधापलीकडे बाभळीखाली जाऊन बसला होता.

रविवारी दुपारी दुर्गाबाई धावड्याहून परत आल्या. रामराव लग्नघरीच थांबले होते. बाई आल्या, पिशवी ठेवली, तांब्या भरला आणि सरळ बांधाकडे गेल्या.

थोड्या वेळाने त्या तशाच परत आल्या. तांब्या भरलेलाच.

"ही तार कुणी गाडली?"

"मी, माय," बद्रीनाथ म्हणाला. "अर्थिंगला. तिथं कायम ओल असती म्हून."

दुर्गाबाई उंबऱ्यावर बसल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

"ओल मी पाणी घालते म्हून असती, बद्री."

"सीताफळाला ना?"

"सीताफळाला कुणी रोज पाणी घालतं का रे?"

मग त्यांनीच सांगितलं, खाली बघत, हळूहळू. बद्रीनाथच्या आधीचा एक मुलगा. वसंता. दोन वर्षांचाही झाला नव्हता. तापाने गेला.

"एवढ्याशा लेकराला जाळत न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापानं बांधाला खड्डा केला. वर मीठ टाकलं. आणि मला बजावलं, पुन्हा नाव काढायचं न्हाई. मी न्हाई काढलं."

आपल्याला एक भाऊ होता एवढं बद्रीनाथला माहीत होतं. कुठं आहे ते कधी कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला, पाटाजवळ गेला, आणि चूळ भरायला लागला. कितीतरी वेळ तो चुळाच भरत होता.

गिरिधर शरमला. राग त्याला जितका पटकन यायचा तितकीच शरमही यायची. "मावशी, आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो. आत्ता काढतो." त्याने कॉम्प्युटरच्या मागचा स्क्रू सैल करून तार ओढून काढली.

चारही बोर्डांचे दिवे फटकन विझले.

तो बघतच राहिला. म्हणजे तार लावली तर एक जास्तीचा येतो, आणि काढली तर एकही चालत नाही! उद्या मॅडम येणार! आता जाऊ तरी कुठं? त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मघाशी हिरवं लागल्तं," दुर्गाबाई म्हणाल्या. "विझलं का?"

"काय सांगू मावशी तुम्हाला! तार लावली की कुणीतरी एक जास्तीचा उगवतो. काही काम करत नाही. नुसतं जे पाठवू तेच परत म्हणतो!"

हे तो वैतागून बोलून गेला. पण दुर्गाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला.

"जे म्हणू तेच म्हणतो?"

"…हो."

"वसंता तसाच होता. पाणी म्हणलं की पाणी. ये म्हणलं की ये. दिवसभर माझ्या मागं मागं, मी म्हणलं की तो म्हणायचा." त्या उठल्या. "लाव ती तार."

"मावशी, तसं काही नसतं…"

"लाव रे लेकरा."

त्याने लावली. दिवे लागले. हजेरी घेतली.

पाच.

दुर्गाबाईंनी कॉम्प्युटरवरच्या त्या जास्तीच्या दिव्यापुढे आपला पंजा धरला, थंडीत चुलीपुढे धरतात तसा. बराच वेळ धरून ठेवला. "राह्यू दे," त्या म्हणाल्या. "काढू नको आता." आणि भाकरी टाकायला निघून गेल्या. चुलीजवळून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. बद्रीनाथ म्हणाला, माय गाणं म्हणती हे आज पहिल्यांदा ऐकून राह्यलो.

गिरिधरला मात्र गाणं-बिणं सुचण्यासारखं नव्हतं. लाइन जायला थोडा वेळ उरला होता. त्याने दार लोटून घेतलं.

पुढचं त्याने मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्याने तारेला दुसरी गुंडाळी दिली. पाच. बोर्डांची जागा बदलली. पाच. प्रोग्रॅममध्येच खोटं घालावं, पाच आले की चार दाखव असं लिहावं, इथपर्यंत त्याची मजल गेली. पण शरयू मॅडम स्वतःचा प्रोग्रॅम आणणार होत्या. पाच. पाच. पाच. शाळा सुटल्यावरही वर्गातून हलत नाही अशा पोरासारखा तो पाचवा तिथंच.

खाली टेबलापाशी… थप… थप…

आणि त्याच्या पँटला, गुडघ्याखाली, काहीतरी लागलं.

गिरिधरचा संयम सुटला. तो खुर्ची पाडून उठला आणि टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडला, "अरे कोण आहेस तू? का माझ्या मुळावर उठलायस? चालता हो इथून! चल, नीघ! पुन्हा इथं दिसलास तर बघ!"

खालची थपथप थांबली.

तो जास्तीचा दिवा मंद झाला. एकदा लुकलुकला…

आणि विझला.

थप, थप, थप, थप… टेबलाखालून दाराकडे. भरभर. लोटलेलं दार थोडंसं उघडलं. माणूस जाईल एवढं नाही. शेरडाचं पिल्लू जाईल एवढं.

मग पाटातल्या पाण्याचा आवाज एकदम कानावर आला. होले घुमायला लागले. शेरडाची घंटा वाजली.

गिरिधरने हजेरी घेतली.

चार.

पुन्हा घेतली. चार. तार तशीच जोडलेली, बोर्डं तीच, प्रोग्रॅम तोच. चार. तो खाली बसला आणि आनंदाने रडला. हो, आनंदाने. हे त्याने स्वतःच सांगितलं.

सोमवारी शरयू मॅडम जीपने आल्या. खोलीच्या दाराशी चपला काढून खुर्चीत बसल्या, स्वतःची फ्लॉपी घातली आणि तपासणी सुरू झाली. चार. तासाभराने चार. जेवणं झाली, चार. बोर्डं अशी चालत होती, जशी काही आयुष्यात कधी चुकलीच नव्हती. बद्रीनाथ दारातून अंगठा वर करून दाखवत होता.

खिडकीतून बांध दिसायचा. गिरिधरचं लक्ष मधूनमधून तिकडे जायचं.

दुर्गाबाई सकाळी तांब्या घेऊन सीताफळाशी उभ्या होत्या. मग त्या झाडाभोवती फिरल्या. मग विहिरीकडे गेल्या. दुपारी त्या बैलगाडीखाली वाकून बघत होत्या. कडब्याच्या गंजीमागे बघत होत्या. रिकाम्या कणगीत डोकावत होत्या. तोंडाने काहीतरी म्हणत होत्या, पण खोलीत पंख्याच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं.

"त्यांचं काय हरवलंय?" शरयू मॅडमनी विचारलं.

"कोंबडी असेल," गिरिधर म्हणाला.

दिवस कलल्यावर मॅडमनी फ्लॉपी काढून घेतली. "एकही चूक नाही. काम तुमचंच, गिरिधर." चहा घेऊन त्या जीपमध्ये बसल्या. धुरळा उडवत जीप गेली, आणि ती वळणाआड जायच्या आत दुर्गाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

केस सुटलेले. लुगड्याला कडबा चिकटलेला.

"गिरिधर, काल तू लेकराला काही बोल्लास का?"

"मी? नाही, मावशी."

"रोज पाणी घातलं की मागून माझा पदर ओढतो. इतकी वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई, येडी म्हणले असते." त्यांचा आवाज बसला होता. "आज न्हाई ओढला. सकाळधरून हाका मारून राह्यले."

गिरिधर तारेचा स्क्रू उगाच आवळत राहिला.

"त्याला रागावलं की लपून बसायचा. ज्यानं रागावलं त्यानंच बोलवावं लागायचं, माझं बी ऐकायचा न्हाई." त्यांनी हात जोडले. त्याच्याहून दुप्पट वयाच्या बाईने. "मी तुला काई म्हणत न्हाई. तुझं काम झालं, चांगलं झालं. फकस्त त्याला बोलव."

गिरिधर खुर्चीत बसला. हजेरी घेतली.

चार.

त्याने बोर्डं एकेक करून काढली. वायर मोकळी सोडली. हजेरी घेतली. काहीच नाही. तीन पाठवला. पोच नाही. आठ पाठवला. पोच नाही. सहा पाठवला आणि वाट बघत बसला.

मग त्याला कसलीच लाज वाटली नाही. तो खाली वाकला आणि टेबलाखालच्या अंधारात म्हणाला, "वसंता, ये. मी नाही रागावत. ये."

मोटारीचा आवाज. पाण्याचा आवाज. होले. सगळे आवाज जिथल्या तिथं.

पुन्हा बोर्डं जोडली. चार. बटण दाबायचं, आणि चार. इतके दिवस जी एक चूक त्याला नको होती, तिच्यासाठी तो आता देवाचा धावा करत होता. चूक एकदा! एकदाच चूक! त्याने टेबल हलवलं, वायर पिरगाळली, बोर्डावर थापा मारल्या. एरवी फुंकर मारली तरी बंद पडणारी ती बोर्डं ढिम्म चालत राहिली. बरोबर. बिनचूक. चार.

दुर्गाबाई त्या विझलेल्या जास्तीच्या दिव्यापुढे पंजा धरून बसल्या होत्या.

मग लाइन गेली. पंखा हळूहळू थांबला.

"उद्या लाइन कधी येती रे?" दुर्गाबाईंनी विचारलं.

गिरिधर पहाट व्हायच्या आत सामान भरून निघाला. त्यांचा निरोपसुद्धा घेतला नाही.

त्याचं पुढं चांगलं झालं. मस्तगडची खोली सुटली, मोठी जागा झाली. त्याची बोर्डं कुठं कुठं गेली, सगळीकडे बरोबर चालली. सीताफळाखालची तार बद्रीनाथने काढायला घेतली तर मायने काढू दिली नाही. माय जिवंत होती तोवर, दिवसाची लाइन असली की त्या रिकाम्या खोलीत तारेचं टोक हातात धरून बसायची. हे मला बद्रीनाथने स्वतः सांगितलं.

नॉइज होता का? असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण हे ऐकल्यापासून घरातलं लहान पोर मी म्हणेन तेच म्हणायला लागलं की मी बोलायचा थांबतो.

मी गिरिधरला एकदाच विचारलं, "अरे, नंतर एखादं बोर्ड घेऊन परत का नाही गेलास?"

"गेलो आणि दिवा लागला नाही तर?"

तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

"आणि लागला," तो म्हणाला, "तर त्याला काय सांगू? त्याची माय तर आता नाही."